ओढ की सोड

काकांनी कवळी काढून डबीत घातली, डबी मिस्त्रीच्या हातात दिली आणि ते पुढच्या सीटवर चढले. आकाशात उलटं व्हायचं तर विमानात सुटी वस्तू नको. पेन नको, किल्ली नको, दातही नकोत.

"एकदाच विसरले होते," मिस्त्री त्यांच्या पुतणीला म्हणाला. "दुसऱ्या दिवशी कवळी शेतात सापडली. हसत होती."

मागच्या सीटवर पुतणीने पट्टे आवळले. आज कोलांटी सुरक्षित जमली, तर काका तिला एकटीला उडू देणार होते; नाहीतर थेट पुढच्या मोसमात. दुहेरी पंखांचं ते शिकाऊ विमान काकांपेक्षाही वयस्क. इंजिनाच्या आवाजात बोलायला दोन सीटांमध्ये रबरी नळी होती. त्या नळीतून काकांचं बिनदाती बोलणं यायचं, आणि त्यात शब्दाच्या सुरुवातीचा 'स' हमखास हवेत विरायचा.

भरपूर उंची घेतल्यावर तिने खाली, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. नाक खाली करून वेग घेतला, मग नाक वर उचलायला हातातली दांडी हळूहळू मागे ओढली. क्षितिज गेलं, नुसतं आभाळ उरलं. ते पूर्ण उलटे झाले आणि नेमका तिथेच वेग कमी पडला. दांडी थरथरू लागली.

"ओढ!" नळीतून आवाज आला.

इथे आणखी ओढलं, तर पंखांना हवेचा आधार राहणार नव्हता. दात असते तर काका 'सोड' म्हणाले असते. तिने हात सैल केला. विमान क्षणभर लोंबकळलं, मग आपसूक नाक खाली घालून सरळ झालं. कोलांटी गोल न होता अंड्यासारखी झाली.

उतरल्यावर काकांनी आधी कवळी बसवली.

"वर मी काय म्हणालो?"

"सोड म्हणालात ना?"

"ओढ म्हणालो."

तिचा चेहरा पडला. "पण काका, ओढलं असतं तर..."

"गरगरत खाली गेलो असतो." काकांनी चष्मा पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. "मला वाटलं, अजून वेग आहे."

मिस्त्री उगाचच चाकाकडे बघू लागला.

"बघतोस काय? पुढच्या सीटचे पट्टे घट्ट बांधून टाक. मोकळे राहिले तर दांडीत अडकतील."

"आणि तुम्ही?" पुतणीने विचारलं.

"मला ऊन खायचंय," म्हणत काका कुंपणाजवळच्या बाकाकडे निघाले.