चेंगीजखानाचं वकीलपत्र

जगातले मोठमोठे सेनापती त्या कारखान्यात बोटाएवढे होऊन फळीवर उभे असत, आणि आत्याबाईंनी मनावर घेतल्याशिवाय एकालाही डोळे फुटत नसत. कारखाना हे नाव आपलं कौतुकाचं. घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एवढाच त्याचा पसारा. मागच्या खोलीत भाचा शिसं आणि कथील वितळवून साच्यात ओती आणि गार झालेल्या सैनिकांच्या कडा कानशीनं घासून काढी. पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, त्याची बायको आणि त्याची आत्या रंगाला बसत. भाच्याची बायको ती सगळ्या गल्लीची सूनबाई, त्यामुळे आपणही तिला सूनबाईच म्हणू.

या घरात दोन नियम होते आणि दोन्ही आत्याबाईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. पहिला असा की चेहरे रंगवायचे ते घरातल्या एकाच हातानं. बाकीच्यांनी बूट, बटणं, ढाली आणि घोडे करायचे, चेहऱ्याच्या वाटेला जायचं नाही. दुसरा नियम जास्त खमंग होता. ज्याचा चेहरा रंगवायचा त्याचं वकीलपत्र घ्यायचं. इतरांनी त्याच्यावर वाटेल ते आरोप करायचे, इतर सेनापतींशी तुलना करून त्याला खाली खेचायचं, आणि रंगवणाऱ्यानं त्याची बाजू राखायची. सगळे ‘मान्य’ म्हणाले की मगच कुंचला ओला करायचा. आपल्या घरच्या, पूजेतल्या वीरांना मात्र यात ओढायचं नाही असं ठरलेलं होतं, कारण तिथं वाद होत नाही, थेट भांडणंच होतात.

‘ज्याची बाजू घेता येत नाही त्याच्या डोळ्यांत काय भरणार? चुना?’ आत्याबाई म्हणत. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या हातचा सैनिक भिंगाखाली धरला की तो तुमच्याकडे असा बघे की तुम्हीच आधी नजर खाली घालाल. लग्न त्यांनी केलं नाही. ‘एवढ्या फौजेचं करता करता दमले, त्यात नवरा कुठं घेऊ,’ म्हणायच्या. आणि वादात त्यांना आजवर कुणी हरवलेलं नव्हतं.

तर त्या दिवसांत शहराच्या संग्रहालयाचं मोठं काम आलं होतं. एका काचेच्या कपाटात पाच सेनापती हवे होते. वाळवंटात तहानलेल्या फौजेसमोर शिरस्त्राणातलं पाणी वाळूत ओतून देणारा सिकंदर. हत्ती घेऊन आल्प्सचा बर्फ चढणारा हॅनिबल. शहर जिंकून कत्तल होऊ न देणारा सलादिन. लढाईच्या आदल्या संध्याकाळी शिपायांमध्ये फिरणारा नेपोलियन. आणि घोड्यावरचा चेंगीजखान.

चौघांचे चेहरे झाले. पाचवा तसाच राहिला, घोड्यावर ऐटीत बसलेला आणि तोंडाच्या जागी नुसतं रंगाआधी देतात ते करडं अस्तर.

‘माझ्याच्यानं होणार नाही,’ आत्याबाईंनी सरळ सांगून टाकलं. ‘गावंच्या गावं उजाड करणाऱ्याचं वकीलपत्र मी घेत नाही.’

‘आत्या, अगं परवा संग्रहालयाच्या बाई न्यायला येणार आहेत,’ भाचा कळवळला.

‘तू घे मग. बोनापार्टचं घेतोस ना एवढं!’

भाच्याला आत्याबाई बोनापार्टच म्हणत, एक तर तो नेपोलियनचा भक्त आणि दुसरं म्हणजे त्याची उंची. त्यावर भाचा दर वेळी चिडून सांगे की नेपोलियन चांगला मध्यम उंचीचा होता, बुटका ही शत्रूंनी उठवलेली आवई आहे. आणि दर वेळी आत्याबाई त्याला नखशिखांत न्याहाळत आणि म्हणत, ‘असेल बाबा.’

सूनबाई गप्प राहून घोड्याच्या आयाळीला रंग देत होती. या घरात आल्यापासून तिनं घोडेच रंगवले होते. काळे, करडे, तांबडे, फेस आलेले, थकलेले. तिच्या घोड्यांना घाम फुटलेला दिसे, असं खुद्द आत्याबाई म्हणत, आणि त्या उगाच कुणाला चढवून ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण सूनबाईला चेहरे हवे होते. चुलीवरचं दूध उतू जातंय आणि आपण दारात उभ्या आहोत, असं तिला रोज त्या खिडकीपाशी वाटे. मागायचं कसं, हे तेवढं कळत नव्हतं. मागितले तर ‘म्हातारीला उठवायला बसलीय’ असं होणार, आणि न मागितले तर जन्म घोड्यांत जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झालेल्या चौघांवर वॉर्निश चढवायला बसली. हॅनिबलला हातात घेतलं, भिंगाखाली धरलं, आणि तिचा हात थांबला.

हॅनिबलला एकच डोळा होता. दुसऱ्याच्या जागी मिटलेली पापणी आणि तिच्यावरून गेलेला बारीक लालसर व्रण. काम इतकं सुरेख की पाहून ऊर भरून यावा. फक्त ते चूक होतं. हॅनिबलचा डोळा गेला तो आल्प्स ओलांडल्यानंतर, पुढच्या वर्षी, इटलीतल्या दलदलीतून फौज नेताना. इथं त्याच्या पायाखाली बर्फ होता आणि मागं हत्ती. इथं त्याला दोन्ही डोळे हवेत. ही गोष्ट तिला शिकवली होती कुणी? आत्याबाईंनीच, याच टेबलाशी.

तिनं नवऱ्याला मागं गाठून हळूच दाखवलं. त्यानं कपाळाला हात लावला.

‘आत्यानं? हॅनिबलच्या बाबतीत?’

‘संग्रहालयाच्या बाईंना एका नजरेत दिसेल. घराचं नाव जाईल हो.’

‘मग तूच गुपचूप दुसरा डोळा रंगवून टाक ना.’

‘नियम?’

‘बरं, मग सांग तिला. पण तिला वाटणार, चेहरे हवेत म्हणून हिनं चूक शोधली.’

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं. सूनबाईनं हॅनिबल तसाच, वॉर्निश न देता, फळीवर मागच्या बाजूला ठेवला. सकाळभर ती त्या एका व्रणाचा विचार करत राहिली. आत्याबाई हल्ली भिंग नेहमी डाव्या बाजूला घेतात, चहाचा कप ठेवताना टेबलाची कड चाचपतात, हे तिनं पाहिलं होतं, पण ते जोडून पाहिलं नव्हतं. आता जोडलं.

दुपारी चहा झाला. आत्याबाईंनी बिनचेहऱ्याचा चेंगीजखान टेबलाच्या मधोमध आणून ठेवला आणि जाहीर केलं, ‘शेवटचं विचारते. याचं वकीलपत्र कुणी घेतंय? जिंकेल त्यानं हा एक चेहरा करावा. नाहीतर असाच देऊ आणि कळवू, की याच्यासाठी कुणी तोंड उघडेना.’

‘मी घेते,’ सूनबाई म्हणाली.

भाच्याच्या हातातली कानस खाली पडली. आत्याबाईंनी मान वळवून, जरा जास्तच वळवून, तिच्याकडे पाहिलं.

‘घोडे पुसून ये आधी हाताचे,’ त्या म्हणाल्या. तिच्या बोटांना तांबडा रंग लागला होता. तिनं तो पुसला आणि समोर बसली.

‘माणसं किती मारली यानं?’ आत्याबाईंनी सुरुवातच तिथून केली.

‘मोजता येणार नाहीत इतकी. ते मी धुऊन काढत नाही, आणि त्याच्या डोळ्यांत दया पण घालणार नाही. पण सिकंदरानं काय शहरं जाळली नाहीत? तो तुम्ही रंगवलात.’

‘सिकंदरानं फौजेसाठी पाणी ओतून दिलं.’

‘यानं शत्रूला सेनापती केलं. लढाईत याच्या घोड्याला बाण लागला. नंतर कैद्यांना विचारलं, कुणी मारला? एक जण पुढं आला, म्हणाला, मी. लपवलं नाही. त्या खरं बोलण्यावर खूश होऊन यानं त्याला जवळ घेतलं, आणि तोच पुढं याचा नामी सरदार झाला. कुणाचा मुलगा, कुठल्या घरचा, हे नाही पाहिलं.’

‘हं,’ आत्याबाई म्हणाल्या. त्यांचं ‘हं’ म्हणजे अर्धा गड पडला. ‘पण डोकं? माझ्या हॅनिबलनं आपल्याहून मोठी फौज चारी बाजूंनी कोंडून बुडवली. परक्या मुलखात वर्षानुवर्षं राहिला, दहा जातींची माणसं बरोबर, आणि एकदाही बंड झालं नाही.’

‘आणि हॅनिबलच्या मागं कोण?’

‘म्हणजे?’

‘आत्याबाई, या चौघांनाही एकच गोष्ट जमली नाही.’ सूनबाईनं फळीकडे बोट दाखवलं. ‘सिकंदराला मरताना विचारलं, राज्य कुणाला? तो म्हणे म्हणाला, जो समर्थ असेल त्याला. झालं! सरदारांनी एकमेकांचे गळे धरले आणि राज्याच्या चिंधड्या केल्या. सलादिनची मुलं आपसात भांडली. नेपोलियनचा मुलगा गादीवर बसलाच नाही.’

‘बसू दिला नाही,’ भाचा पुटपुटला.

‘तुम्ही गप्प बसा हो. आणि हॅनिबलच्या हातून घेणारं कुणी उरलंच नाही. या एकट्यानं, चेंगीजखानानं, स्वतः धडधाकट असताना सगळ्या मुलांना समोर बसवलं. मोठे दोघे भांडत होते. यानं तिसऱ्याचं नाव घेतलं, शांत डोक्याचा म्हणून, आणि सगळ्यांकडून कबूल करवून घेतलं. तो गेल्यावर राज्य मोडलं नाही, वाढलं. लढाया सगळ्यांनीच जिंकल्या. आपल्या मागं काम कुणी करायचं हे जिवंतपणी सांगायचं धाडस या एकाच्याच अंगात होतं. मी त्याच्या डोळ्यांत तेच घालणार आहे.’

सूनबाईला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं आणि तिचे कान तापले. भाचा एकदा आत्याकडे आणि एकदा बायकोकडे बघत होता.

‘मान्य,’ आत्याबाई म्हणाल्या. मग भाच्याकडे वळून, ‘बोनापार्ट, तुझं?’

‘मान्य, मान्य!’

‘घे कुंचला. पण फक्त हा एक.’

सूनबाईनं कुंचला घेतला नाही. ती उठली, फळीवरून हॅनिबल आणला आणि आत्याबाईंच्या पुढ्यात, भिंगाखाली ठेवला.

‘आत्याबाई, हा आल्प्स चढतोय ना?’

आत्याबाईंनी भिंगात पाहिलं. डाव्या डोळ्यानं पाहिलं, मग उजव्यानं, मग पुन्हा डाव्यानं. त्यांचं बोट हॅनिबलच्या पायाखालच्या बर्फावरून फिरलं आणि तिथंच थांबलं.

‘अगं बाई,’ त्या अगदी हळू म्हणाल्या. ‘मी याला आधीच आंधळा केला.’

कुणी काही बोलण्याआधी त्याच पुढं म्हणाल्या, ‘माझा उजवा डोळा गेलाय. धूर दिसतो नुसता. डॉक्टर म्हणाले, येणार नाही परत. तेव्हापासून मनात म्हणायची, हॅनिबलला एकानंच भागलं ना, मग मला का नाही? सारखं तेच डोक्यात. त्याला रंगवायला बसले आणि मलाच रंगवून ठेवलं.’

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंच्या नाही.

‘हे कधी दिसलं तुला?’

‘सकाळी.’

‘सकाळी! मग वादात का नाही काढलंस? एका फटक्यात मी गारद झाले असते.’

‘म्हणूनच नाही काढलं. तुमच्या डोळ्यावर चढून मला चेहरे नको होते. वाद जिंकूनच हवे होते.’

आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आजवर त्यांनी शेकडो चेहऱ्यांत अभिमान रंगवला होता. आता तो त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर उतरला, आणि त्यांनी तो लपवला नाही.

‘माझा घोडा मारलास,’ त्या म्हणाल्या, ‘आणि तोंडावर येऊन सांगितलंस, मी मारला. आता मला दुसरं काही करता येतं का, सांग!’

त्यांनी आपला बारीक कुंचला, ज्याला त्या दुसऱ्या कुणाला शिवू देत नसत, तिच्या हातात ठेवला आणि तिची बोटं वरून मिटली.

‘आधी माझ्या गड्याला डोळा दे. मग तुझा खान. आणि इथून पुढं सगळेच. बोनापार्ट, ऐकलंस? चेहरे आता हिचे. मी जिवंतपणी सांगतेय, धडधाकट असताना. मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं सांगितलं नव्हतं.’

‘ऐकलं, आत्या,’ भाचा म्हणाला आणि कारण नसताना कानस शोधायला मागच्या खोलीत गेला.

सूनबाईनं हॅनिबलचा व्रण पुसून काढला, तिथं नवा डोळा उघडला, आणि दोन्ही डोळ्यांची नजर एका शिखरावर आणून ठेवली. मग तिनं चेंगीजखान घेतला. आत्याबाई शेजारी बसून होत्या, पण त्यांनी एकदाही ‘असं नाही, तसं’ म्हटलं नाही.

ठरल्या दिवशी संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं आणि पाचही जणांसमोर ओणव्या होऊन एकेकाला पाहिलं. हॅनिबलपाशी मान डोलावली. चेंगीजखानापाशी मात्र बराच वेळ थांबल्या.

‘याची नजर विलक्षण आहे,’ त्या म्हणाल्या. ‘समोर बघत नाही हा, खूप पुढचं बघतोय. आत्याबाई, तुमच्या हाताला तोड नाही. या वयातही!’

‘माझा हात नाही तो,’ आत्याबाई पाठ ताठ करून म्हणाल्या. ‘या घरचे चेहरे आता आमची सूनबाई करते.’

‘असं? आणि तुम्ही?’

आत्याबाईंनी टेबलावरचा एक करडा, अर्धा रंगवलेला घोडा उचलला, उजेडात धरला आणि बढती मिळालेल्या माणसाच्या थाटात म्हणाल्या, ‘मी घोड्यांवर आहे. अजून याला घाम फुटायचाय, पण शिकतेय मी हिच्याकडून.’