कुणाशीच न बोलण्याची तक्रार

"ताई, तक्रार आलीय," मॅनेजर माझ्या खुर्चीशी वाकून कुजबुजला. "तुम्ही बोलता म्हणे."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. तीच तक्रार आहे."

मी मान डोलावली. त्यानं कोपऱ्यातल्या, फोनसाठी ठेवलेल्या काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. बोलायचं असेल तर तिथे, एका वेळी एकानं. आणि गेला.

मी घरगुती यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीतून आपल्या भाषेत आणते. घरात असलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असा आमच्याकडे समज. म्हणून या सामायिक ऑफिसात खुर्ची भाड्यानं घेतली. वॉशिंग मशीनचं पुस्तक शुक्रवारी वेळेत आणि बिनचूक गेलं, तर कंपनी नेहमीचं काम देणार होती. नाही तर खुर्ची सोडून घरी, दाराची बेल वाजली की उठायला.

मी बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. वाक्य लिहिताना ओठ हलत असतील. पण तक्रार केली कुणी? पलीकडचे हिशेबवाले टक्कल खाजवत आकड्यांत बुडालेले. समोरची जिनेवाली, इमारतींच्या जिन्यांचे नकाशे काढणारी पोरगी, तिच्या कानांवर तर दिवसभर हेडफोन. तिला काय ऐकू येणार, कपाळ?

तोंडात गोळी धरून मी गप्प बसले. आणि गंमत अशी, की कामही गप्प बसलं. "कपडे पिळून झाल्यावर झाकण उघडा," हे बरोबर वाटतंय की नाही, ते डोळ्यांना कळेना. माझं काम कानांनी चालतं, हे इतक्या वर्षांनी तक्रारीमुळे कळलं.

धाकट्या जावेला फोनवर सांगितलं, तर ती खो खो हसली. "अहो जाऊबाई, गप्प बसायला भाडं कशाला भरता? ते घरी फुकट मिळतं की!"

गुरुवारी दुपारी जिनेवाली हेडफोन गळ्यात टाकून माझ्यापुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"काकू, तुम्ही बोलत का नाही?"

"तक्रार आलीय ना बाई."

"ती मीच केली होती."

"मग आता?"

"आता माझा जिना पुढे सरकत नाहीये." तिचा चेहरा रडवेला झाला होता. "सोमवारी तुम्ही दिवसभर एकच वाक्य घोळवत होतात. पाणी गळत असेल तर मशीन बंद करा, पाणी गळत असेल तर... डोकं उठलं माझं. पण तुम्ही बंद झालात तेव्हा कळलं, माझा हात तुमच्या 'त्यानंतर'वर चालायचा. तुम्ही 'त्यानंतर' म्हणालात की मी पुढची पायरी काढायची."

"अगं, पण तुझे हेडफोन?"

"त्यात काही लागलेलं नसतं. लोकांनी बोलू नये म्हणून घालते."

म्हणजे जिच्याशी कुणी बोलू नये, तिला माझं बोलणं हवं. मला काही उमगलं नाही, पण शुक्रवार उद्यावर आला होता. मी कागद उचलले, तिनं लॅपटॉप उचलला, आणि आम्ही दोघी काचेच्या खोलीत दाटीवाटीनं बसलो. गुडघ्याला गुडघा. मी पुटपुटू लागले, ती रेघा ओढू लागली.

मॅनेजरनं काचेवर टकटक केली. "एका वेळी एकच!"

"आम्ही फोनवर आहोत," जिनेवाली म्हणाली.

"फोन कुठाय?"

"काकू आहेत ना."

तो गोंधळून परत गेला. चला, काही न उमगणाऱ्यांत आणखी एक भिडू वाढला.

"झाकण लावून बटण फिरवा," मी म्हणाले.

"कुठलं झाकण?" तिनं मान वर न करताच विचारलं.

मी थबकले. धुण्याच्या टबाला एक झाकण, पिळायच्या टबाला दुसरं. आणि मी नुसतंच 'झाकण' लिहीत गेले होते, पानोपान. संध्याकाळपर्यंत आम्ही प्रत्येक झाकणाला त्याचा टब मिळवून दिला. शुक्रवारी पुस्तक गेलं. तिचा जिनाही गच्चीला पोहोचला.

सोमवारी कंपनीचा निरोप आला: पुस्तक पसंत पडलं, आता मिक्सरचं पाठवतोय, त्यानंतर ओव्हन. आम्ही दोघी पुन्हा काचेआड शिरलो, तोच मॅनेजर हजर.

"ताई, तक्रार आलीय."

"आता काय झालं?"

"तुम्ही आत बसता तेव्हा बाहेर ऐकू येत नाही म्हणे." त्यानं हळूच मागे पाहिलं. "हिशेबवाले विचारतायत, पाणी गळायचं थांबलं का?"

मी जिनेवालीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. या जागेत माणसानं बोलायचं की गप्प बसायचं, हे एकदा कुणीतरी लिहून द्यावं. मी ते आपल्या भाषेत आणीन.

तोवर मी काचेचं दार बोटभर उघडं ठेवलं, आणि मिक्सरचं पहिलं पान काढलं.

"भांडं नीट बसल्याची खात्री करा," मी म्हणाले. "त्यानंतर..."

बाहेर हिशेबवाल्यांची खुर्ची करकरली. दाराच्या बाजूला सरकली, बहुतेक.