तेल मात्र मला मिळाले

मित्रांनो, मी कापड बेतायची एक जुनी, वजनदार कात्री आहे. ज्या शिंप्याच्या घरात मी आले, त्या घराने मला तळहाताच्या फोडासारखे जपले. मला कधी जमिनीवर ठेवले नाही की माझ्याकडून कागद कापून घेतला नाही.

मला चालवायची थोरली सून. शाळेच्या गणवेशांचे जाड कापड ती चार पदर एकदम कापी. "हिच्या हातात कात्री बोलते," असे तिचे सासरे, म्हणजे मास्तर, गिऱ्हाइकांना सांगत.

एका हंगामात सकाळी उठल्यावर तिचा अंगठा ताठ राहू लागला. मनगट अंगठ्याच्या बाजूने सुजले. ओले कपडे पिळताना ती ओठ चावी. पुढे कापता कापता अंगठा वाकलेलाच अडके. दुसऱ्या हाताने तो सरळ केला की 'टक्' असा आवाज येई.

मास्तरांनी तो ऐकला. "कात्री अडकतेय. तेल घाला तिला."

मला तेल मिळाले. आवाज थांबला नाही, म्हणून धार मिळाली, नवा स्क्रू मिळाला.

"बाबा, कात्री नाही, माझा अंगठा वाजतोय," ती म्हणाली.

"अंगठा वाजतो म्हणे!" धाकटी सून खिदळली. "मग बँडवाल्यांकडे पाठवू या की जाऊबाईंना!"

मास्तरही हसले. गणवेश वेळेवर द्यायचे होते. तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि कापत राहिली.

शाळा उघडल्यावर ती डॉक्टरांकडे गेली. तोवर अंगठा सरळ होईनासा झाला होता आणि त्याच्या मुळाशी गाठ आली होती. "अंगठा वाकवणारी दोरीसारखी कंडरा सुजून तिच्या नळीत अडकलीय," डॉक्टर म्हणाले. "आधी आला असतात तर बहुधा विश्रांती आणि पट्टीवर भागलं असतं. आता शस्त्रक्रिया करू. तरी पूर्ण सरळ होईलच असं नाही."

शस्त्रक्रियेनंतरही तो झाला नाही. आता ती फक्त बटणे लावते, तीही डाव्या हाताने. मास्तर गिऱ्हाइकांना म्हणतात, "तिचा हात गेला, पण कात्री बघा, अगदी नव्यासारखी!"

मित्रांनो, बोट सकाळी ताठ राहिले, अडकले, वाजले, मनगट सुजले, तर काम थांबवा आणि हात दाखवा. दुसरा कोणी सांगत असेल तर हसू नका. स्क्रू फक्त माझाच बदलता येतो.

मला आता धाकटी चालवते. काल कापताना 'टक्' झाले. तिने अंगठा मुठीत लपवला आणि हळूच वर पाहिले.

थोरली बटणे ठेवून उठली. तिने तेलाची बाटली आणून धाकटीपुढे ठेवली.

"कात्री अडकत असेल गं," ती म्हणाली.