कोमट पाण्याचा गंज

मित्रांनो, मी एक जुना गंज आहे. लोखंडावर चढतो तो नव्हे. आमच्या चामोर्शीकडे पातेल्यालाच गंज म्हणतात. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मला घडवलं आणि बायनाबाईंनी आठवडी बाजारातून मला घरी आणलं. पुष्कळ वर्षं मी त्यांच्या घरचा भात शिजवला. एकदा ओट्यावरून पडलो, कड चेपली, झाकण बसेना. मग नवा कुकर आला आणि मी गोठ्यात गेलो.

गेल्या पावसाळ्यात बायनाबाईंची सून ललिता रोज धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला जायची. दिवसभर चिखलात वाकून काम. घरी आली की स्वयंपाक करायची आणि पायही नीट न धुता तशीच आडवी व्हायची. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, तरी कुणाला बोलली नाही. एक दिवस ती तापानं फणफणली. पाय सुजून लाल झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर केला असता तर बोट कापावं लागलं असतं. औषध घ्या, रोज पाय धुऊन कोरडे करा. आणि संध्याकाळी जरा विसावा घेत जा."

त्या संध्याकाळी बायनाबाईंनी मला गोठ्यातून काढून राखेनं लख्ख घासलं. माझ्यात कोमट पाणी ओतलं, मीठ टाकलं आणि ललिताचे पाय अलगद आत ठेवले.

"राहू द्या आई. सासूनं पाय धुवाचे काय? मले लाज वाटते."

"लाज कायची? आता काही बोलू नको, काही करू नको. नुसती बसून राय."

ललिता बसली. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं. "माय गेल्यापासून माहे पाय कोणी हातात घेतले नाई," ती म्हणाली.

बायनाबाईंनी जुन्या लुगड्यानं तिचे पाय पुसले, बोटांत मलम लावलं आणि टाचांना मोहाच्या बियांचं तेल चोळलं. आत ललिताचा नवरा धनराज पहिल्यांदाच भात टाकत होता. तो थोडा करपला. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला आणि लवकर अंथरुणं घातली.

पाय पंधरा दिवसांत बरा झाला, पण संध्याकाळी पाय धुण्याचा नेम मोडला नाही. ललिता पुन्हा रोवणीला जाऊ लागली आणि शेताच्या शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वाफ्यापर्यंत, सगळ्यांसोबत होती. भात शिजवताना मी माणसांची भूक पाहिली होती; थकवा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. चेपलेल्या कडेसकट मला पुन्हा घरात घेतलं, यासाठी मी बायनाबाईंचा फार ऋणी आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी संध्याकाळी कुणी थकून येत असेल. दारात पाऊल टाकताच त्यांना काही विचारू नका, काही मागू नका. आधी बसू द्या. बाकीचं सगळं थोडा वेळ थांबतं.