तंबाखू मळून होईपर्यंत

अंबडच्या आमच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना झेंडूचा हार पडतो. २००३ साली मी म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरनीच काय घोडं मारलंय? दोन्ही सर्व्हर बंद केले, पुसले, हळदकुंकू वाहिलं, हार घातले. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पुन्हा चालू केले. पेढे वाटायच्या नादात एक काम राहिलं, आणि ते राहिलंय हे कळायला मला चौथा दिवस उजाडला.

त्या दोन सर्व्हरपैकी एक जुनं, दणकट एएस-फोरहंड्रेड. त्याच्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर लॅबचे लोक तपासणीचे आकडे भरत. दुसरा विंडोजचा, त्यावरून क्वालिटीचे साहेब अहवाल छापत. दोघांमध्ये मी लिंक बांधली होती. जुन्या मशीनवरच्या 'अहवाल' या फोल्डरात काही ठेवलं की ते खरं म्हणजे विंडोजवर जाऊन पडायचं. जुनं मशीन बंद केलं की लिंक सुटते आणि हाताने पुन्हा जोडावी लागते. तेच राहिलं होतं. चौथ्या दिवशी मी ती गुपचूप जोडली आणि कुणाला कळलं नाही म्हणून स्वतःवरच खूश झाले.

दुसऱ्या दिवशी क्वालिटीचे प्रमुख गोरक्ष साहेब माझ्या दारात उभे. "ज्योत्स्ना मॅडम, तीन दिवसांचे अहवालच नाहीत. दत्तूने तपासणी केलेलीच नाही. हजेरी लावून सणाच्या सुस्तीत बसला असणार."

दत्तू पेठकडचा. सळ्यांचे तुकडे मशीनवर ओढून तोडायचे आणि ताकद मोजायची, हे त्याचं काम. सहा वर्षं टेंपररी होता. कायम करायच्या यादीत यंदा पहिल्यांदाच त्याचं नाव लागलं होतं आणि यादी दुसऱ्या दिवशी चार वाजता वर जायची होती. तुटलेले तुकडे भंगारात गेलेले, माल गाडीत चढून गेलेला. पुन्हा तपासायला काही उरलंच नव्हतं.

मी विंडोजवर शोधलं, जुन्या मशीनवर त्याच फोल्डरात शोधलं. लिंक नव्हती तेव्हाच्या फाइली निदान जुन्या मशीनवर तरी असायला हव्या होत्या. पण दोन्हीकडे नाही. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की यानं काम केलेलंच नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्याला बोलावलं. "मी भरलं, मॅडम. रोजचं रोज भरलं," तो म्हणाला.

"त्या दिवसांत काही वेगळं दिसलं होतं का?"

त्याने जरा आठवलं. "येगळं म्हंजे, लय भराभर व्हायचं. एरवी सेव्ह दाबला का पडदा थांबतो. तंबाखू मळून होतो तवर. त्या तीन दिसांत चुना लावायच्या आत पुढं. मी म्हनलं, पूजेचा गुण हाय."

मी कपाळावर हात मारला. रोजचा उशीर व्हायचा तो फाइल तारेतून पलीकडे जायला. त्या तीन दिवसांत ती पलीकडे गेलीच नव्हती. लिंक नसली तरी जुन्या मशीनवर त्याच नावाचं रिकामं फोल्डर होतंच, आणि मशीनने निमूटपणे सगळं त्यात ठेवून दिलं. नंतर मी लिंक जोडली, म्हणजे जमिनीवर सांडलेल्या वस्तूंवर सतरंजीच अंथरली. फोल्डर उघडलं की वरचं विंडोजच दिसायचं, खालचं नाही.

साडेतीन वाजले होते. लॅबला जरा थांबायला सांगितलं, लिंक सोडली आणि फोल्डर उघडलं. एकशे अठरा फाइली. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि दत्तूचा नंबर. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकं हलकं मला लग्न ठरल्यावरही वाटलं नव्हतं.

साहेबांना 'तांत्रिक अडचण' म्हणून सांगता आलं असतं. आमच्या धंद्यात हा शब्द सगळ्या पापांना पुरतो. पण मग दत्तूविषयी थोडी शंका उरलीच असती. मी सरळ सांगितलं, "साहेब, लिंक जोडायला मी विसरले. नंतर जोडली तेही सांगितलं नाही. दत्तूचं काम पूर्ण आहे."

त्यांनी यादी पुढे ओढून सही केली. "पुढच्या वर्षी चालू मशीनलाच हार घाला," एवढंच म्हणाले.

परत आले तर दत्तू पडद्यावरच्या एकेका ओळीवरून बोट फिरवत होता.

"कायम झालास," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, पण बोट थांबलं नाही. "मॅडम, सगळीच नाय म्हनाया लागली ना, तवा मलाच वाटाया लागलं, खरंच तोडलं का नाय मी. काल घरी बायकोला इचारलं, त्या तीन दिस मी कामाला गेलतो ना गं? ती म्हनली, गेलता की. रोज डबा रिकामा आला व्हता."