पोलिक्सेनीचा गुडघा आणि उतरलेला बाजार

ग्रीसमधल्या पिरेअस बंदराच्या मागच्या गल्लीत शनिवारी बाजार भरतो, तिथं हवामान खात्याला कोणी विचारत नाही. पोलिक्सेनीमावशीच्या उजव्या गुडघ्याला विचारतात. तो ठणकला आणि मावशीनं त्यावर रुमाल बांधला की पाऊस ठरलेला. एका वर्षी तो असा सुजला की दुपारपर्यंत गल्लीचा ओढा झाला आणि स्तामातिस भाजीवाल्याच्या काकड्या वाहत वाहत बंदरात गेल्या. त्यातल्या दोन तर एजिना बेटाला लागल्या, आणि तिथल्या पोलिसानं त्यांच्याकडे बोटीचं तिकीट मागितलं म्हणतात. खोटं वाटत असेल त्यानं एजिनाला जाऊन काकड्यांनाच विचारावं.

आज मात्र गुडघा गार होता आणि मावशीचं डोकं तापलं होतं. म्युनिकहून तिचा एकुलता एक मिल्तोस येत होता, आणि खिशात परतीची दोन जादा तिकिटं घालून येत होता. एक आईचं, एक बापाचं. फोनवर त्यानं आडपडदा ठेवला नव्हता. "तुमच्या पेन्शनमध्ये तुम्ही दोघं टोस्ट नि चहावर जगता, मला कळत नाही का? बाबांचं ब्लडप्रेशर बघ. मी आल्या आल्या फ्रीज उघडणार. रिकामा दिसला की बॅगा भरायच्या."

आता फ्रीज रिकामा होता हे खरंच. शनिवारी सकाळी तो रिकामाच असायचा. बाजार मोडायला लागला की भाव धपकन खाली येतात, तेव्हा मावशी चाकांची पिशवी घेऊन उतरायची आणि आठवड्याची भाजी-फळं-मासळी उचलून आणायची. गेली कित्येक वर्षं म्हातारा-म्हातारी अशीच जेवत होती, आणि राजासारखी जेवत होती. पण मिल्तोस बाजार मोडायच्या आधीच दारात उभा राहणार होता, आणि मावशीच्या बटव्यात महिनाअखेरची दहा युरोची एकच नोट होती. सकाळच्या भावानं तिच्यात पिशवीचा तळसुद्धा झाकला नसता.

"म्हाताऱ्या, घेवडा चुलीवर आहे. करपवू नकोस," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी कधी करपवला?" आर्गिरिसनं विचारलं.

"गेल्या वेळच्या पातेल्याला विचार. अजून काळं आहे बिचारं."

बाजारात स्तामातिसनं तिला बघून घड्याळ कानाला लावलं. "मावशी, इतक्या सकाळी? माझं बंद पडलं की तुमचं पुढं गेलं?"

"बीट कसं दिलंस?"

त्यानं भाव सांगितला.

"बीट विचारलं रे, दुकान नाही घ्यायचं मला."

"मग बाजार मोडताना या. जवळजवळ फुकटच नेता की दर आठवड्याला. माझी बायको म्हणते, एवढं देतोस तर तिला दत्तकच घे."

मावशी फणकाऱ्यानं वळली, ती कोबीच्या खोक्यावर अशी आपटली की डोळ्यापुढं सगळे संत एका रांगेत उभे राहिले. उजवाच गुडघा. एका पालथ्या खोक्यावर ती बसली आणि डोक्याचा रुमाल सोडून तिनं गुडघ्याला करकचून बांधला.

स्तामातिसचा चेहरा दुधीभोपळ्यासारखा झाला. "मावशी... गुडघा?"

"आपटला" म्हणायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात स्तामातिस पाठ फिरवून ओरडलाही होता, "बांधला रे बांधला! गुडघा बांधला!"

मावशीनं तोंड मिटलं. खोटं बोललं तर पाद्री रागावतो हे तिला ठाऊक होतं. गप्प बसलं तर काय करतो, हे कळायची वेळ तिच्यावर आजवर कधी आलीच नव्हती.

आणि मग जे झालं ते काय वर्णावं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं लख्ख, पण गल्लीभर ताडपत्र्या ओढल्या जाऊ लागल्या. संत्री अर्ध्या भावावर आली. टोमॅटो त्याच्याही खाली. एक कांदेवाला घाबरून गिऱ्हाइकालाच म्हणाला, तुम्हीच भाव सांगा. मावशी उठली आणि लंगडत, पण काय वेगानं लंगडत, तिनं बाजार कापला. डोंगरावरची कडू रानभाजी घेतली. बिटं पाल्यासकट घेतली, आणि शेजारची बाई नुसते कंद घेऊन पाला टाकत होती तोही उचलला. लिंबं, लसूण, संत्री. फ्रोसो कोळणीसमोर ती थांबली.

"तारल्या आजच्या?"

"डोळे बघ त्यांचे, मावशी. तुझ्या नवऱ्याच्या डोळ्यांपेक्षा जिवंत आहेत."

"त्यात काय मोठं. सगळ्या दे."

मिल्तोसनं दार ढकललं तेव्हा घरभर लसणाचा वास भरला होता. पोरगा शब्दाचा पक्का. बूट न काढता फ्रीजकडे गेला, दार उघडलं, आणि वरच्या कप्प्यातून एक संत्रं त्याच्या पायावर पडलं. तो काही बोलणार, तोच जिन्यात धाडधाड पावलं वाजली. स्तामातिस, मागे फ्रोसो, तिच्या मागे कांदेवाला.

"गुडघा दाखवा," स्तामातिस म्हणाला. "बाहेर ऊन मी म्हणतंय."

पोरासमोर आई लबाड ठरली की संपलंच, बॅगा भरायच्या. तिनं परकराची कड उचलली. गुडघ्यावर वांग्याएवढं वांग्याच्याच रंगाचं टेंगूळ होतं. "तुझ्या खोक्यावर आपटले. तू विचारलंस खरं, पण उत्तराला थांबलास का?"

फ्रोसोला हसू फुटलं. "याला सांगत होते मी, आधी पुरतं ऐकून घे. पण खरं सांगू मावशी? दुपारच्या आत माझी पाटी रिकामी. उरलेली मासळी मांजरांना घालायची वेळ नाही आली. कित्येक वर्षांत शनिवारी मी गरम जेवले नाही."

"मग उभ्यानं काय भांडताय, बसा की," मावशी म्हणाली.

सगळे बसले. भाजलेल्या तारल्या, उकडलेला पाला आणि त्यावर ऑलिव्हचं तेल नि लिंबू, लसणाच्या चटणीत बुडालेली बिटं, आणि घेवडा, थोडासाच करपलेला. आर्गिरिसनं तीनदा पाला वाढून घेतला. मिल्तोसनं हळूच विचारलं, "आई, हे सगळं कितीत झालं?"

मावशीनं बटवा उलटा केला. थोडी चिल्लर टेबलावर घरंगळली. "दहातले हे उरले. दर शनिवारी असंच असतं, फक्त तू कधी शनिवारी येत नाहीस."

मिल्तोसनं पावानं ताटली पुसली. म्युनिकमध्ये एवढ्या पैशात तो ऑफिसखाली उभ्यानं एक सँडविच खायचा, आणि रात्री पोटावर औषध घ्यायचा. बराच वेळ त्यानं बापाकडे बघितलं. बापाच्या गालावर तेल होतं आणि तो कांदेवाल्याशी फुटबॉलवर तावातावानं भांडत होता.

"आणि तिकिटं?" मावशीनं विचारलं.

"तुम्ही दोघं इथंच बरी. पैसे परत मिळत नाहीत," मिल्तोस म्हणाला. "नाव बदलता येतं म्हणे."

"माझं घाल," फ्रोसो लगेच म्हणाली. "मी विमान फक्त खालून बघितलंय."

"तू गेलीस तर मासळी कोण विकणार?" स्तामातिस खेकसला. "दुसरं कोणाला देताय, मिल्तोस?"

"आधी मला बिटाचा पाला वाढा," मिल्तोस म्हणाला, आणि त्यानं खिशातली तिकिटं काढून पावाच्या टोपलीखाली सरकवली.