अभिमनची प्लेट

सलाइनचा लोखंडी स्टँड लॅबच्या दाराच्या काचेतून आत आला, तेव्हा हसीनाबी खुर्चीवरून उठलीसुद्धा नव्हती. काचांचा सडा तिच्या ओढणीवर, टेबलावर, नमुन्यांच्या नळ्यांवर पडला. पाठोपाठ चार माणसं आत घुसली.

"मना भाऊ तठे मरी ऱ्हायना, नी तू आठे बशेल शे?" पुढचा ओरडला. "दोन दिन व्हई ग्यात! रिपोर्ट कोठे शे?"

तो भूपेंद्र. साक्रीकडच्या खेड्यातला गवंडी. त्याच्या धाकट्या भावाला, अभिमनला, परवा धुळ्याच्या या हॉस्पिटलात आणलं होतं. पाय ट्रॅक्टरखाली आला, असं घरच्यांनी सांगितलं होतं. नडगीची जखम मांडीपर्यंत सुजून काळी पडत चालली होती.

हसीनाबी सत्तावीस वर्षं या लॅबमध्ये होती. जखमेतला पू जंतूंचं खाद्य ओतलेल्या चपट्या प्लेटवर पसरायचा, उबेत ठेवायचा, जंतू वाढला की त्याला कोणतं औषध मारतं ते पाहायचं. घाई करता येत नाही. पहिला दिवस जंतू ओळखण्यात गेला. आज दुपारी तिनं दुसरी प्लेट लावली होती. वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवून. ती उद्या सकाळी वाचायची.

"उद्या सकाळी कळेल, भाऊ. आज कुणालाच कळणार नाही."

"उद्या तो ऱ्हाई का?"

त्यानं स्टँड फिरवला. मायक्रोस्कोप खाली आपटला. बाकीच्यांनी कपाट उलथवलं. ज्युनिअर मुलगी कशिश किंचाळत बाहेर पळाली. भूपेंद्रचा मोर्चा प्लेटा उबेत ठेवायच्या इन्क्युबेटरकडे वळला. पहिल्या घावात दार वाकलं, दुसऱ्यात आतला दिवा फुटला. हसीनाबी धावली. मोडक्या दारातून हात घालून तिनं एक प्लेट ओढून काढली आणि छातीशी धरली. तिसरा घाव तिच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या गोंधळातही सगळ्यांना ऐकू गेला.

ती भिंतीला टेकून खाली बसली. डाव्या हातातली प्लेट मात्र तिनं सोडली नाही.

"वाच," ती म्हणाली. "झाकणावरचं नाव वाच."

भूपेंद्र वाकला. निळ्या शाईत लिहिलं होतं – अभिमन. त्याच्या हातातला स्टँड गळून पडला. बरोबरची माणसं एकेक करून मागच्या मागे सटकली.

"इथलं मशिन तू मोडलंस. हा जंतू उबेत वाढतो. प्लेट थंडीत राहिली तर उद्या तिच्यातून काही कळणार नाही. पारोळा रोडला गिरधर सरांची लॅब आहे. गाडी आहे?"

"शे."

त्यानं प्लेट डब्यात घालून स्वेटरच्या आत घेतली, हसीनाबीला मागे बसवलं आणि मोटरसायकल काढली. प्रत्येक खड्ड्याला हसीनाबीचे डोळे पांढरे होत. गिरधर सरांनी प्लेट त्यांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवली, मगच ती पायरीवर टेकली. सरांनी तिच्या हाताला पुठ्ठा बांधला आणि ते रिक्षा बघायला गेले.

भूपेंद्र समोर उकिडवा बसला होता.

"अक्का, जखम रोज धोतस ना? मंग तो जंतू काब्र निंघत नही?"

दुखण्यानं तिला बोलवत नव्हतं. तरी ती बोलली. त्या क्षणी गप्प राहणं जास्त अवघड होतं.

"तू गवंडी ना? भिंत बांधून झाल्यावर तिला खुंटी ठोकली, तर उपटता येते. पण विटेतच आकडा बसवला आणि मग ती वीट भिंतीत लावली तर?"

"तो निंघाव नही."

"जंतूलाही भिंत असते. त्याच्यात एक एन्झाइम असतं, तेच त्याचा गवंडी. आकड्यासारखी प्रथिनं ते आधी विटेला जोडतं, मग वीट भिंतीत जाते. त्या आकड्यांनी जंतू मांसाला धरून बसतो. वरवर धुऊन तो सुटत नाही."

"म्हंजे भितच पाडनी पडी."

"हं. कोणत्या औषधानं तो मरतो, ते ती प्लेट सांगेल."

त्यानं तोंड रस्त्याकडे फिरवलं. मग एकदम म्हणाला, "ट्रॅक्टर नव्हतं, अक्का. मीच मारं त्याले. पाणीनी पाळीवरथून भांडण व्हयनं. फावडं व्हतं हातमा, माटीनं भरेल. मारं."

त्याचा चेहरा पिळवटला. रिक्षा आली, तिच्यामागे पोलिसांची गाडीही आली. तो जागचा हलला नाही.

सकाळी आठला गिरधर सरांनी फोन केला. नेहमीच्या इंजेक्शनच्या चकतीला जंतू थेट खेटून वाढला होता. दुसऱ्या एका चकतीभोवती मात्र स्वच्छ मोकळं गोल रिंगण होतं; त्या औषधानं तो मरत होता. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून हसीनाबीनं डॉक्टरांना त्या औषधाचं नाव कळवलं. ते इंजेक्शन नऊच्या आत सुरू झालं. पाय वाचला नाही. मांडीतून काढावा लागला. अभिमन वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "दादा कोठे शे?"

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. त्याआधीच दोघा भावांची आई, वच्छलाबाई, चौकीत भूपेंद्रला भेटून हसीनाबीच्या खाटेपाशी येऊन बसली होती.

"बाई, तुमना हात मोडा, ते सांगा. त्यानी सजा त्यानी भोगू द्या. पन फावडानी गोष्ट सांगू नका. एकना पाय ग्या. दुसराले तरी..."

हवालदार आले, खुर्ची ओढून बसले.

हसीनाबीनं दाराची काच सांगितली, स्टँड सांगितला, मनगट सांगितलं. हवालदार लिहीत होते.

"आणखी काही बोलला तो?"

वच्छलाबाईनं पदर तोंडात धरला. सत्तावीस वर्षांत हसीनाबीनं कुणाच्या रडण्यावरून रिपोर्ट बदलला नव्हता. कित्येकांनी पाय धरले होते.

"बोलला. फावडं त्यानंच मारलं, असं म्हणाला." तिनं डाव्या हातानं कागदाकडे बोट केलं. "आता पुढचंही लिहा. प्लेट त्यानंच नेली. ती वेळेत पोचली नसती, तर भाऊ वाचला नसता. हे गाळू नका, साहेब. वाचून दाखवा."

हवालदारांनी वाचून दाखवलं. "सही?"

तिनं प्लास्टरकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले होते, बोटं पूर्वीसारखी वळतील याचा भरवसा नाही. हवालदारांनी शाईची डबी पुढे केली. तिनं डावा अंगठा त्यात टेकवला. खाटेच्या उतारावर कागद घसरायला लागला, आणि तो दाबून धरायला तिच्याकडे दुसरा हात नव्हता.

वच्छलाबाई उठली. तिनं डोळे पुसले, आणि दोन्ही हातांनी कागदाची टोकं दाबून धरली.